सासऱ्यांच्या स्पीकरांचा जीर्णोद्धार

दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर माणसाने तोंड फक्त खाण्यापुरतं उघडावं, असं माझी बायको मला नेहमी सांगते. मी तिचं ऐकलं असतं तर आज आमच्या हॉलमध्ये सोफा असता.

त्या रविवारी आम्ही साडूकडे गेलो होतो. साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. वयाने माझ्याहून लहान, पगाराने मोठा, आणि या दोन्ही गोष्टी तो अत्यंत नम्रपणे माझ्या लक्षात आणून देतो. त्याने टीव्हीखाली एक काळी, लांबट पट्टी आणून ठेवली होती. हिला साउंडबार म्हणतात, ही माहिती त्याने मला दिली. मग त्याने फोनवर बोट फिरवलं आणि ती पट्टी गायला लागली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. यजमानाच्या घरातल्या यंत्रापुढे मान डोलवायची असते. ती नव्या फ्रीजपुढेही डोलवावी लागते, मग ही तर गात होती.

माझे सासरे साडूकडेच राहतात. सासूबाई गेल्यावर त्यांनी आपलं घर आवरलं. त्या वेळी त्यांचे दोन मोठे, लाकडी, कमरेएवढे स्पीकर कोणी न्यायचे हा प्रश्न निघाला होता. साडूकडे जागा होती पण इच्छा नव्हती. माझ्याकडे जागा नव्हती, पण सासऱ्यांना नाही म्हणायची हिंमतही नव्हती, म्हणून ते आमच्याकडे आले. ते आल्यापासून एकावर फुलदाणी होती आणि दुसऱ्यावर इस्त्री.

तर साडूची पट्टी गात होती आणि मेव्हणीने विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

"बरं आहे," सासरे म्हणाले.

आमच्या सासऱ्यांकडे कौतुकाचा हा एवढा एकच शब्द आहे, आणि तोच ते निषेधालाही वापरतात. मी त्यांच्या मुलीला पसंत केलं तेव्हा ते "बरं" म्हणाले होते. मला बढती मिळाली तेव्हा "बरं", आणि ती चुकून दुसऱ्याची होती असं कळलं तेव्हाही "बरं". पण त्या दिवशी ते तिथे थांबले नाहीत. खिडकीकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आपल्या स्पीकरवर त्या रेकॉर्डमधली बाई गायची ना, तेव्हा तानेच्या आधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. तुमची आई तेवढ्यासाठी रेकॉर्ड परत मागे घ्यायला लावायची."

मेव्हणीने डोळे पुसले. आणि साडू म्हणाला, "बाबा, ते आता भंगारातच निघालेले असणार. दादांकडे पडून आहेत ना!"

'भंगार' हा शब्द मी सहन केला असता. 'दादांकडे पडून' हे मला लागलं.

"भंगार?" मी म्हणालो. "महिन्याभरात या माझ्याकडे ऐकायला. श्वास काय, गाणारीच्या मनात काय चाललं होतं तेही ऐकवतो!"

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. सासरे खिडकीकडून माझ्याकडे वळले होते.

"खरंच ऐकवाल?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेले प्रश्न म्हणजे 'गाडी कितीची आहे' आणि 'दार लावलं का' एवढेच. हा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या आवाजात चक्क विनंती होती. त्या क्षणी मला जगात दुसरं काहीही नको होतं. ती रेकॉर्ड, ते स्पीकर, आणि सासऱ्यांच्या तोंडून 'बरं' सोडून दुसरा कुठलाही शब्द.

घरी येऊन फुलदाणी आणि इस्त्री उतरवली. पुढचं कापड काढलं. स्पीकरच्या आतल्या कागदी कोनाला कडेने एक मऊ फोमची रिंग असते. तिच्यामुळे तो कोन पुढेमागे हलतो आणि आवाज निघतो. त्या रिंगेला मी बोट लावलं तर तिचा भुगा झाला. तरी आशा म्हणून माझ्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला आणि अँप्लिफायरला जोडून बघितलं. एक स्पीकर गुळण्या करत होता आणि दुसरा त्याला घाबरून गप्प बसला होता.

बाजाराच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीवाला आहे. मी त्याला फोटो दाखवला. त्याने मानसुद्धा वर न करता सांगितलं, "रिंग गेलीय. नवीन चिकटवू. परवा घेऊन जा."

"आणि?"

"आणि काय? वाजवा."

मला हे अजिबात आवडलं नाही. आपल्या मध्यमवर्गीय माणसाला किरकोळ इलाजाचा फार राग येतो. डॉक्टरने दोन दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगितलं तर आपण डॉक्टर बदलतो. मी साडूला भर सभेत आव्हान दिलं होतं, सासऱ्यांच्या डोळ्यांत आशा पेटवली होती, आणि त्याचं उत्तर म्हणजे फोमची एक रिंग? मी त्या दुकानातून जवळजवळ अपमानित होऊन बाहेर पडलो.

जिन्यात शेजारी भेटले. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त गृहस्थ राहतात. मी त्यांना मनातल्या मनात 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांना न आलेला अनुभव अजून जगात तयार व्हायचा आहे.

"रिंग?" अनुभवी हसले. "साहेब, आज रिंग, उद्या कोन, परवा कॉइल. असं ठिगळं लावत बसाल तर जन्म जाईल. आतला अख्खा युनिट नवा टाका. परदेशातून मागवा. माझा अनुभव सांगतो."

"तुम्ही स्पीकर बदलले होते?"

"पाण्याच्या पंपाची मोटर बदलली होती. तत्त्व तेच."

मला हे पटलं. आपल्याला हवं तेच कोणी सांगितलं की ते पटतं, याला आपण सल्ला घेणं म्हणतो. शिवाय अनुभवी म्हणाले, "आणि जुने काढाल ते फेकू नका हं. माझ्याकडे द्या. मला वस्तू फेकवत नाही." माणूस किती काटकसरी असावा, असं मनात येऊन मी उदारपणे होकार दिला.

युनिट मागवले. ते समुद्र ओलांडून सुखरूप आले आणि आमच्याच गावाच्या पार्सल कार्यालयात अडकले. मी गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी खोका फिरवून फिरवून बघितला.

"ही पूर्ण वस्तू आहे की सुटा भाग?"

"सुटा भाग."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? हा स्पीकरच्या आत बसतो."

"ते तुम्ही म्हणता. सुट्या भागाला एक नियम, पूर्ण वस्तूला दुसरा. हा भाग असेल तर ज्याचा भाग आहे ती वस्तू दाखवा. नसेल तर हीच पूर्ण वस्तू."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. माझं दुर्दैव असं की मला त्यांचं म्हणणं पटलं. मी स्वतः ऑफिसात स्टोअर विभागात आहे. आमच्याकडे एका मोठ्या साहेबांना मी त्यांची स्वतःची छत्री गेटपासशिवाय बाहेर नेऊ दिली नव्हती आणि ते भिजत गाडीपर्यंत गेले होते. ती माझ्या नोकरीतली सर्वोच्च कामगिरी मानली जाते. त्यामुळे खिडकीमागचा तो माणूस मला परका वाटेना. मी दुसऱ्या दिवशी टेम्पो केला आणि एक अख्खा स्पीकर घेऊन हजर झालो.

साहेबांनी स्पीकरच्या आत डोकावून बघितलं, खोक्याकडे बघितलं, समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला. इतकं सोपं होतं ते. एका हातात खोका, आणि टेम्पोवाल्याच्या मदतीने स्पीकर उचलून, मी विजयी मुद्रेने फाटकाशी आलो.

"या पेटीचा गेटपास?" पहारेकऱ्याने विचारलं.

"ही माझीच आहे. मघाशी आणली."

"आणताना नोंद केली?"

"अहो, तुम्हीच तर फाटक उघडलंत!"

"येताना मी माणूस बघतो," तो शांतपणे म्हणाला. "जाताना माल बघतो. नोंद नाही म्हणजे माल आतला."

हे वाक्य माझं होतं. अगदी याच शब्दांत मी ते कित्येकांना ऐकवलं आहे. फक्त ते समोरून ऐकताना इतकं मूर्खपणाचं वाटतं, याची मला कल्पना नव्हती.

परत खिडकीशी गेलो. साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "आतला माल बाहेर जायचा एकच मार्ग आहे," ते म्हणाले. "इथूनच पार्सल म्हणून बुक करा." मी म्हटलं ठीक आहे. माझ्याच पत्त्यावर करा. त्यावर ते म्हणाले, पाठवणारा आणि घेणारा एकच माणूस कसा असेल? अशाने उद्या कोणीही स्वतःला काहीही पाठवेल. मग मी घेणारा म्हणून अनुभवींचं नाव दिलं. कोणाचं तरी द्यायलाच हवं होतं, आणि ते दिवसभर घरी असतात.

स्पीकर टेम्पोने गेला होता दहा मिनिटांत. परत यायला त्याला आठवड्याहून जास्त लागलं. अनुभवींनी तो सही करून घेतला आणि माझ्याकडे आणून दिला. वर 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी होती. एक कोपरा मात्र पूर्ण फुटला होता, आणि चिठ्ठी नेमकी त्या फुटलेल्या जागेवर, चीर झाकली जाईल अशी चिकटवलेली होती.

"पावतीवर माझं नाव आहे," अनुभवी म्हणाले, "पण आपलंच समजा."

सुताराला बोलावलं. त्याने कोपऱ्यावरून हात फिरवला. "असलं लाकूड आता मिळत नाही. तुकडा बसवून देतो, पण जोड दिसेल."

"जोड?" अनुभवी आत आले. आमचं दार उघडं दिसलं की ते आत असतातच. "साहेब, एवढे परदेशी युनिट आणलेत आणि फुटक्या पेटीत बसवणार? नवीन पेट्या करा. जाड फळी घ्या. पेटीचं वजन वाढलं की आवाज भरदार होतो."

सुताराने माझ्याकडे बघितलं. एक कोपरा दुरुस्त करायला आलेल्या सुताराला दोन नव्या पेट्यांच्या कामाविरुद्ध मत असण्याचं कारण नव्हतं. "साहेब म्हणतायत ते बरोबर आहे," तो म्हणाला. आता दोन साहेब झाले होते, आणि त्यातला मी कोणता हे मलाच कळेना.

जुन्या पेट्या, आतल्या जुन्या युनिटांसकट, अनुभवी घेऊन गेले. चपला ठेवायला होतील म्हणाले.

नव्या पेट्यांच्या बाबतीत एक छोटीशी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आतली जागा तेवढीच ठेवून फळी जाड केली की पेटी बाहेरून वाढते. पेट्या आल्या त्या दाराच्या चौकटीतून आडव्या करूनच आत घ्याव्या लागल्या. उभ्या केल्या तर माझ्या छातीला लागत होत्या. त्या हॉलमध्ये ठेवल्यावर सोफ्याला जागा उरली नाही, म्हणून सोफा बेडरूममध्ये गेला. सोफा तिथे गेल्यावर पलंग भिंतीला लागला, आणि पलंग भिंतीला लागल्यावर कपाटाचं एकच दार उघडू लागलं. माझे शर्ट दुसऱ्या दारामागे आहेत. त्यानंतर ऑफिसात मी दिसतो तो त्याच दोन शर्टांत दिसतो, जे त्या दिवशी सुदैवाने दोरीवर वाळत होते.

पुढचं सगळं आपोआप झालं. परदेशी युनिटांना आमच्या जुन्या अँप्लिफायरची ताकद पुरेना, म्हणून नवा अँप्लिफायर आला. जुना अनुभवींकडे गेला. फोनवर जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे. त्यात मी सामील झालो. तिथे एका सद्गृहस्थाने आतल्या वायरी बदलल्याशिवाय स्पीकर ऐकणं म्हणजे तोंडावर हात ठेवून गाणं ऐकणं होय असं लिहिलं. दुसऱ्याने त्याला शिव्या दिल्या. तिसऱ्याने दोघांना शिव्या दिल्या. मी बहुमताप्रमाणे वायरी, आतली फिल्टरची पट्टी आणि मागचे स्क्रू बदलले. जुने सगळे अनुभवींकडे गेले. पुढचं कापड बदललं. तेही गेलं, त्यांच्या घरी कशाला तरी होईल म्हणून. या सगळ्याला किती खर्च आला ते मी सांगणार नाही, कारण हे बायकोही वाचणार आहे.

तिने एकदाच विचारलं. हॉलमध्ये, पेट्यांच्या मधल्या बोळात उभी राहून.

"अहो, आता या दोघांत बाबांचं काय उरलंय?"

"भावना," मी म्हणालो.

"ती कुठे बसवलीत?"

मी स्क्रू आवळत राहिलो.

त्याच सुमारास एका सकाळी अनुभवी दूध घ्यायला बाहेर आले असताना सहज म्हणाले, "तुमच्या त्या पेट्यांत चपला नीट मावेनात. म्हणून मग सगळं परत जोडूनच टाकलं. त्या गल्लीतल्या माणसाकडून रिंगा बसवून घेतल्या."

"वाजतात?"

"आपलं ठीक. बातम्यांपुरते."

मला त्यांची दया आली. मी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "आमच्याकडे या रविवारी. खरा आवाज म्हणजे काय ते ऐका." त्यांना बोलवायची तशी गरज नव्हती. ते स्वतःला या कामाचे सल्लागार समजत होते आणि येणारच होते.

रविवारी साडू, मेव्हणी आणि सासरे आले. सासऱ्यांनी कापडी पिशवी छातीशी धरली होती. त्यात ती एकच रेकॉर्ड होती. मेव्हणी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, बाबांनी सकाळपासून ती पिशवी खाली ठेवलेली नाही. आज स्वतःहून इस्त्रीचा शर्ट मागितला." हे ऐकून माझी छाती फुगली.

सासरे स्पीकरांपुढे उभे राहिले. मग बाजूने गेले, मागे वाकून बघितलं, परत पुढे आले.

"हे कोणाचे?"

"तुमचेच, बाबा."

त्यांनी एका पेटीवर हात ठेवला, ठेवला म्हणजे त्यासाठी कोपर उचलावं लागलं. "उंच झालेत," ते म्हणाले.

"दादांकडचा खुराक चांगला आहे," साडू म्हणाला. मी तिकडे दुर्लक्ष केलं. सोफा नसल्यामुळे सगळे स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर भिंतीला पाठ लावून, दवाखान्यात बसल्यासारखे बसले. अनुभवी मधोमध. मी रेकॉर्ड लावली.

आवाज आला. केवढा आवाज आला म्हणून सांगू! खिडकीच्या काचा थरथरल्या, ट्रेमधले कप एकमेकांवर आपटू लागले, आणि मेव्हणी छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, इथे वाजतंय!" साडूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आमच्या नात्याच्या इतिहासात तो पहिल्यांदाच गप्प बसलेला मी बघितला. अनुभवींनी मान हलवून सगळ्यांकडे बघितलं, जणू ते गाणं त्यांनीच बसवलं होतं.

मी फक्त सासऱ्यांकडे बघत होतो. ते पुढे वाकून बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी होती. चुकीच्या स्टॉपवर उतरलेला माणूस दुकानांच्या पाट्या वाचतो, तसे ते एका पेटीकडून दुसरीकडे बघत होते. खरं सांगायचं तर मलाही काहीतरी खटकत होतं. गाणारी बाई एकटी वाटत नव्हती. एखाद्या सभेत माइक हातात घेऊन उभी राहावी तशी ती आम्हाला दटावत होती.

"ऐकू येतोय ना, बाबा? श्वास?" मी ओरडून विचारलं.

"बरं आहे," सासरे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. एवढं सगळं करून बरं? मी उठलो, अँप्लिफायरचं बटण धरलं आणि होतं तेवढं फिरवलं.

फट् असा आवाज झाला आणि सगळं गेलं. गाणं, पंखा, दिवे, फ्रीज, सगळं. आमच्या घराचा फ्यूज उडाला होता. हॉलमध्ये एकदम सुन्न शांतता झाली.

आणि त्या शांततेत, भिंतीपलीकडून, एका माणसाचा आवाज आला. तो अगदी जवळ बसून, कोणालाही घाई नसल्यासारखा सांगत होता की किनारपट्टीवर हवा ढगाळ राहील.

सासऱ्यांनी हात वर केला. "थांबा. कोणी बोलू नका."

"बाबा, हवामानाच्या बातम्या आहेत त्या," साडू म्हणाला.

"गप्प बसा हो जरा!" सासरे त्याच्यावर खेकसले. एरवी मला हे ऐकून किती आनंद झाला असता. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि तिला कान लावला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हा माझ्या घरातला आवाज आहे."

सगळ्यांनी अनुभवींकडे बघितलं. ते खुर्चीत जरासे आकसले. "मिसेसने रेडिओ लावला असेल," ते म्हणाले. "काम करताना ऐकते ती. ते स्पीकर म्हणजे... साहेबांनीच दिलेत. मी काही मागितले नव्हते."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सासरे चपला न घालता बाहेर पडले. आम्ही त्यांच्यामागे. शेजारच्या वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. एवढी माणसं एकदम आत आलेली बघून त्या उठून उभ्या राहिल्या. समोर ते दोघे होते. फुटका कोपरा तसाच होता, त्यावर 'नाजूक' चिठ्ठीचा अर्धा तुकडाही होता. एका पेटीवर छत्री आडवी पडली होती. सासरे त्यांच्यासमोरच्या सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि हवामानाच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. डोंगराळ भागातलं किमान तापमान त्यांनी ज्या तन्मयतेने ऐकलं, तसं माणूस स्वतःचा निकालही ऐकत नसेल. बातम्या संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू, रेकॉर्ड इथे आणता येईल?"

अनुभवींकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. म्हणजे माझा न्यावा लागणार होता. माझ्या घरातला माझा प्लेअर दोन्ही हातांवर घेऊन, माझ्याच जुन्या अँप्लिफायरला जोडायला मी जिन्याच्या चौकातून शेजाऱ्याच्या घरी निघालो. साडू मागून वायर धरून चालत होता. तो काहीही बोलला नाही. काही बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

रेकॉर्ड लागली. आवाज मोठा नव्हता. एक बाई खोलीत बसून गात होती, बस्स. आणि पहिल्या तानेच्या आधी तिने श्वास घेतला. तो मला ऐकू आला. माझ्या बायकोलाही आला असावा, कारण तिने तोंडावर पदर धरला. सासरे रडत होते, आवाज न करता, हात मांडीवर तसेच ठेवून. मला माझी लाज वाटत होती, अनुभवींचा भयंकर राग येत होता, आणि या दोन्हींच्या मधून गाणंही आवडत होतं. हे सगळं एकाच वेळी सांभाळायला माणसाला बसायला जागा लागते, आणि सोफा भरलेला होता. मी दारात उभा राहिलो.

कडव्यांच्या मध्ये सासरे अनुभवींना म्हणाले, "मी अधूनमधून आलो तर चालेल का ऐकायला?"

"अहो, रोज या!" अनुभवी म्हणाले. "घर आपलंच समजा."

माझ्या सासऱ्यांना, माझ्या देखत, माझ्या स्पीकरांपुढे! पण पावतीवर त्यांचं नाव होतं आणि नोंदीशिवाय मालकी सांगता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "परत मागायचा विचारही करू नका. परत आणलेत तर तुम्ही पुन्हा सुधाराल."

एक बाजू संपली. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली. अनुभवी लगबगीने उठले. "थांबा थांबा, मी उलटवतो. सुई ठेवण्याची एक पद्धत असते. माझा अनुभव..."

"तुम्ही बसा," सासरे म्हणाले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि दाराकडे बघितलं. "आमचे जावई लावतील."

मी पुढे गेलो. रेकॉर्ड उलटवली, आणि सुई इतकी जपून टेकवली की ती टेकल्याचं खोलीत कोणालाच कळलं नाही.